निर्मीच्या डाव्या अंगाला

निर्मीबद्दल जे लिहायचं ते पेपरवाल्यांनी केव्हाच लिहून टाकलं आहे. खेड्यातली पोर, अनवाणी धावली, विद्यापीठाचा विक्रम मोडला, पुढे रेल्वेत लागली, परदेशातही धावून आली. सगळं खरं आहे, एवढंच की अनवाणी मी धावायची. तिला कॉलेजनं कॅनव्हासचे बूट दिले होते. माझं नाव पेपरात यायचं काही कारण नव्हतं आणि त्याचं मला वाईटही वाटलं नाही. पण तलावाच्या ज्या पारीवर ती धावायला शिकली, तिथं आम्ही दोघी बहिणी होतो. दुसरीबद्दल कोणी विचारत नाही, म्हणून मीच लिहिते.

आमचं गाव एकोडीच्या बाजूला. घर तलावाच्या पारीखाली. पार म्हणजे तलावाचा मातीचा बांध, पुस्तकात पाळ म्हणतात. घरात झोपलं तरी डोक्याच्या वर पाणी आहे हे माहीत असायचं. पावसाळ्यात सांडव्याचा आवाज दिवसरात्र चालायचा, इतका की तो थांबला की झोपमोड व्हायची. हिवाळ्यात आवाज फक्त बैलांचा. बाबांनी शंकरपटासाठी एक जोडी पाळली होती. पट म्हणजे बैलांची शर्यत. आमच्याकडे धान कापून झालं की गावोगाव पट भरायचे, शेतात लांबच लांब सरळ पट्टा तयार करायचे, त्याला दान म्हणतात, आणि त्यावरून जोड्या सुटायच्या. बाबांचे पांढऱ्या आणि हिऱ्या. त्यांना उडदाचं पीठ, गूळ, वरून अंडी. आम्हाला सकाळी आंबील आणि दुपारी भात नि लाखोरीच्या डाळीचं पातळ वरण. माय म्हणायची, "पुढच्या जन्मी मले याच घरी बैल कर म्हनावं देवाले." बाबा म्हणायचे, "बैल होशील त पयलेच सांगून ठेव, डाव्याचा होशील का उजव्याचा." हा आमच्या घरातला विनोद होता. पांढऱ्या डावीकडचा, हिऱ्या उजवीकडचा. लहानपणी बैलाला ज्या बाजूला जुंपलं, ती बाजू त्याला मरेपर्यंत सुटत नाही. बदलली तर तो मान टाकतो, नाहीतर जोडीदाराला ढुशी मारतो. पाणी प्यायलासुद्धा पांढऱ्या डावीकडूनच जायचा.

मी चौथी झाले आणि शाळा संपली, कारण पाचवी दुसऱ्या गावात होती आणि रोवणा, म्हणजे धानाची लावणी, आमच्या घरी होता. मायच्या हाताला हात पाहिजे होता. मी सकाळी पऱ्ह्याची कोवळी रोपं उपटायची आणि दिवसभर बांधीच्या चिखलात वाकून मागं मागं सरकत धान रोवायची. निर्मी माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. ती मोठी होईपर्यंत गावातच सातवी झाली, मग हायस्कूल जवळ आलं, मग साकोलीला कॉलेजही झालं. ती माझ्यापेक्षा हुशार होती असं नाही. ती उशिरा जन्मली. कोण केव्हा जन्मतं यावर बरंच काही ठरतं, हे मी आता सत्तरीत सांगू शकते, तेव्हा कळत नव्हतं आणि कळलं असतं तरी काही फरक पडला नसता.

धावायला ती बैलांमागं लागली. बाबा पहाटे जोडी फिरवायला पारीवर न्यायचे आणि ही परकर खोचून मागून पळायची. बाबा हाकलायचे, ही जायची नाही. हायस्कूलमध्ये खेळात पहिली आली, कॉलेजच्या पहिल्या वर्षी मुलांच्या बरोबरीनं धावली, आणि मग एक दिवस कॉलेजचे खेळाचे सर फटफटीवर बसून आमच्या घरी आले. किडकिडीत माणूस, गळ्यात शिट्टी, चहात साखर तीन चमचे. मी ओसरीत तांदूळ पाखडत बसले होते.

"काका, पोरगी मोठी होणार आहे," सर म्हणाले. "पण रोज सकाळी धावलं पाहिजे. एकही दिवस खाडा नको."

"रोज म्हनजे अंधारातच ना?" बाबांनी विचारलं. "मंग कॉलेजची गाडी पकडाची तिले."

"हो, पहाटेच."

"एकटी पोट्टी अंधारात पारीवर? नाही जमत गुरुजी."

बाबांनी बिडी पेटवली, दोन झुरके घेतले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "बाई जाईल संग."

बाई म्हणजे मी. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात, आणि निर्मी म्हणायची म्हणून घरभर मी बाईच झाले होते. मला कोणी विचारलं नाही. मी पाखडतच राहिले. सरांनी मान डोलावली, जसं काही फाटकाला कुलूप लावायचं ठरलं. माय आतून म्हणाली, "आन शेन कोन काढन?" बाबा म्हणाले, "येऊन काढन."

असं माझं धावणं सुरू झालं. नऊवारी लुगड्याचा कासोटा घट्ट ओढायचा, पदर कमरेला, पायात काही नाही. पारीवर बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या पडलेल्या होत्या. डावीत मी, उजवीत निर्मी. पहिल्या दिवशी पाणी डावीकडे होतं, ती लहान, घसरून पडली तर बाबा मला बोलतील, म्हणून मी पाण्याच्या अंगाला झाले. येताना पाणी तिच्या अंगाला आलं, पण तोवर बाजू पक्की झाली होती. पहिले काही दिवस मला उलटी व्हायची. मग थांबली. शेतात दिवसभर वाकणाऱ्या बाईचे पाय चांगले असतात, फक्त त्यांना सरळ जायची सवय नसते. पावसाळा संपेपर्यंत मी तिच्या खांद्याला खांदा लावून शेवटच्या टोकाच्या चिंचेपर्यंत जाऊन परत यायला लागले. ती वेग वाढवायची तशी मी वाढवायची. ती मागं पडली की मी हळू व्हायची. आम्ही बोलत नव्हतो. बोलायला दम नसायचा. तिचा श्वास माझ्या उजव्या कानात आणि माझा तिच्या डाव्या. तलावावर धुकं असायचं, शिंगाड्याच्या वेलीत पाणकोंबड्या ओरडायच्या, कुठं तरी मासे धरणाऱ्या ढिवराची डोंगी काठाला घासायची. दिवसभरात तेवढाच वेळ असा होता की मला कोणी काही सांगत नसे.

घरात माझ्याशी सगळे बोलायचे, पण ते सगळं कामाचं. बाई, पानी आन. बाई, चूल पाहा. बाई, बैल सोडले का. बाकी बोलायला गावात माझ्या वयाची कोणी उरली नव्हती. त्यांची लग्नं होऊन गेली होती. माझं अडलं होतं, कारण बाबा म्हणायचे, निर्मीचं कॉलेज होऊ दे, तोवर बाई पाहिजे. विहिरीवरच्या बाया मला पाहून हसायच्या.

"काय वं बाई, काल कोनाच्या मागं लागली होतीस पारीवर?"

"मागं नाही वं, हिच्या मागं कोनी लागत नाही म्हून हेच पयून राहिली."

मी घागर भरायची आणि निघायची. उत्तर द्यायला मला सुचत नसे असं नाही. पण एकीला दिलं की दहा जणींना द्यावं लागतं.

आता आमच्या रस्त्यानं पहाटे पोरी धावतात. पोलीस भरतीची तयारी. पायात रंगीत बूट, दंडाला मोबाइल, कानात बोंडं. मी अंगणात सडा टाकत असते. त्या म्हणतात, "आजी, बाजूले व्हा." मी होते. प्रत्येकीच्या कानात वेगळं गाणं, चौघी असल्या तरी एकेकटीच धावते. त्यांना सोबतीला कोणी द्यावं लागत नाही, हे चांगलं झालं.

निर्मीच्या तिसऱ्या वर्षी सर पुन्हा आले, आणि या वेळी चिडलेले होते. कॉलेजच्या मैदानावर चुन्याच्या रेघा आखून गोल धावायचं असतं, आतली बाजू कायम डाव्या हाताला. गोलात जी आतल्या रेघेला चिकटून धावते तिला कमी धावावं लागतं. निर्मी आतली पट्टी मोकळी सोडायची आणि दुसऱ्या पट्टीतून धावायची. किती सांगितलं तरी दोन फेऱ्यांत पुन्हा बाहेर. सरांना वाटलं, धक्का लागेल म्हणून भिते. ते मुद्दाम आमच्याकडे मुक्कामाला राहिले, पहाटे पारीवर येऊन उभे राहिले, आणि आम्ही दोघी समोरून येताना पाहून त्यांनी कपाळाला हात लावला.

"ही डावीकडे असते म्हणून," ते बाबांना म्हणाले. "तुमची पोरगी मैदानावर हिला जागा ठेवून धावते."

बाबा इतके हसले की खोकला लागला. "होय त गुरुजी! जोडी आहे ते. डाव्याची जागा सोडनच."

सरांनी आम्हाला बाजू बदलायला लावली. मी उजवीकडे, निर्मी डावीकडे. शंभर पावलंही गेलो नाही आणि तिचं कोपर माझ्या छातीत, माझा पाय तिच्या पायात. मी काठावरच्या बेशरमीच्या झुडपात जाऊन पडले, लुगडं फाटलं. निर्मी पोट धरून हसत होती. "बाई, तू हिऱ्या झाली नाहीस वं!" पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच. शेवटी सर म्हणाले, मग तिला एकटीला धावू द्या. मायनं दारातून सांगितलं, "एकटी नाही." बाबांनीही मान हलवली. त्या बाबतीत दोघांचं एकमत होतं. मला बरं वाटलं. का वाटू नये? सरांना तिची फेरी आखूड करायची होती. मला माझी सकाळ पाहिजे होती.

त्याच हिवाळ्यात नागपूरला विद्यापीठाची शर्यत होती. निघायच्या आदल्या दिवशी बाबांनी जेवताना सगळं सांगून टाकलं. सिहोऱ्याहून निर्मीला मागणी आली होती. घर चांगलं, शेतात दोन बोड्या, म्हणजे लहान तळी, बारमाही पाणी. सर म्हणत होते, पहिली आली तर पंजाबातल्या मोठ्या शिबिराला नाव जाईल, राहणं, खाणं, शिकवणं सगळं तिथंच. दुसरीला काही नाही. "त असं आहे," बाबा म्हणाले, "पयली आली त गुरुजी म्हनते तठी जा. नाही आली त उन्हाळ्यात सिहोरा. मंग रडाचं नाही." निर्मीनं भात कालवत विचारलं, "आन बाईचं?" बाबा म्हणाले, "तुझं झालं का बाईचं होईलच." मग त्यांनी वरण मागितलं.

एस.टी.त तिला माझ्याशेजारी झोप लागली, मला नाही. मायनं तिखटाच्या पुऱ्या दिल्या होत्या, त्या तिनं शिवल्या नाहीत. मैदान केवढं तरी मोठं, दोरीच्या बाहेर लोक, भोंग्यावर कोणी सारखं हॅलो हॅलो करत होतं. शहरातल्या कॉलेजची एक उंच पोर होती, पायात खिळ्यांचे बूट, केस पोरासारखे कापलेले. सगळे तिच्याकडे पाहत होते. सरांनी निर्मीला धरून सांगितलं, "आतली रेघ. बाकी काही लक्षात ठेवू नको. आतली रेघ." तिनं मान हलवली. मग माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "जाय." मी दोरीशी उभी राहिले. तिला मैदानात सोडून मी बाहेर थांबले, असं पहिल्यांदाच होत होतं.

पिस्तूल वाजलं. पहिल्या फेरीला ती आत होती. दुसऱ्या फेरीला वळणावर पाहिलं तर दुसऱ्या पट्टीत. ती उंच पोर मागून आली आणि मोकळ्या पट्टीतून सरळ पुढे निघून गेली, जसं दार उघडंच होतं. सर दोरीवरून ओणवे होऊन ओरडत होते, "आत! निर्मला, आत!" तिला ऐकू येत होतं. एकदा आत आलीही. पुढच्या वळणावर पुन्हा बाहेर. ती काही मुद्दाम करत नव्हती. मी तिचं तोंड पाहत होते. प्रत्येक वळणावर ती किंचित डावीकडे मान करायची. पारीवर ती असंच करायची, मी आहे का बघायला. मी दमले असेन तर तिला हळू व्हायचं असायचं. आणि खरंच, ती हळू झाली. दमली नव्हती. तिच्या डोक्यात मी दमले होते. उंच पोर बरीच पुढे गेली. सरांनी ओरडणं सोडलं, शिट्टी तोंडात धरली आणि वाजवलीच नाही.

माझ्यासमोरून ती पुन्हा जायला लागली तेव्हा मी दोरीखालून आत घुसले. एक माणूस "ओ बाई" करत माझ्यामागं आला. मी ओरडले. मला ओरडायची सवय होती, रानातून बैलांना हाक मारायची.

"निर्मे! आत सरक! मी नाही वं तठी!"

तिनं पाहिलं नाही.

"मी नाही तठी! कोनीच नाही वं! एकटीच आहेस तू! पय!"

लोक हसले. मला त्या माणसानं दंडाला धरून बाहेर काढलं. पण तिनं डावीकडे पाहिलं होतं. या वेळी मान नुसती कलली नाही, पूर्ण वळवून पाहिलं, जसं घरात आपण एकटेच आहोत हे कळल्यावर माणूस खोलीभर पाहतं. मग ती आत सरकली, रेघेला चिकटली, आणि मला कधी दिसली नव्हती तशी धावली. पारीवर तिनं माझ्यासोबत कधीच पूर्ण जोरानं धावून पाहिलं नव्हतं. तीन वर्षं मला वाटत होतं, मी तिच्या बरोबरीनं धावते. ती माझ्या बरोबरीनं धावत होती.

शेवटच्या वळणावर तिनं त्या उंच पोरीला गाठलं आणि मग गाठण्यासारखं कोणी उरलं नाही. भोंग्यावर नाव चुकीचं घेतलं, मग विक्रम म्हणाले, मग नाव पुन्हा चुकीचं घेतलं. सर लहान पोरासारखे उड्या मारत होते. मी दोरीपाशीच थांबले. त्या माणसानं मला पुन्हा आत जायला मनाई केली होती.

ती बऱ्याच वेळानं आली. गळ्यात हार, ओठ पांढरे. माझ्यासमोर उभी राहिली आणि जोरात माझ्या खांद्यावर बुक्की मारली.

"काहून अशी बोंबललीस? मी समजली, तू मेलीस."

"मरन कशी? अठीच त उभी होती."

"तठी पाहिलं त खरंच कोनी नव्हतं," ती म्हणाली.

"मंग? मी तेच सांगून राहिली होती."

ती खाली बसली आणि रडायला लागली. पहिली आली म्हणून रडते असं लोकांना वाटलं, एकानं फोटो काढला, तोच पेपरात आला. मी डबा उघडून पुढे केला. तिनं दोन्ही हातांनी पुऱ्या खाल्ल्या, रडत रडत. मीही एक खाल्ली. नागपुरातलं माझ्या लक्षात राहिलेलं एवढंच.

शिबिराचं पत्र यायला वेळ लागला नाही. तोवरच्या सकाळी आम्ही पारीवर गेलो, पण सरांनी तिला पुढे धावायला सांगितलं होतं, आणि आता ती ऐकत होती. मी मागून जायची. धुक्यात तिचे बूट वाजायचे ते ऐकू यायचे, मग तेही ऐकू येत नसत. मी चिंचेपर्यंत पोचायच्या आत ती परत येताना भेटायची, बाजूनं जाताना हात हलवायची. ती वाईट वागली नाही. तिच्या पायांना ते जमत होतं आणि माझ्या पायांना नाही, एवढाच हिशेब.

साकोलीच्या स्टँडवर बाबा तिला सोडायला गेले. मी गेले नाही. धान घरी आलं होतं, मळणीचा चुरणा चालू होता, आणि गाडीत बसणाऱ्याला आणखी एक तोंड पाहून काय मिळतं. तिनं निघताना माझे पाय धरले, मी तिला उठवलं आणि म्हटलं, जेवत जाय. नंतर तिनं खूप केलं, मी आधी सांगितलं ते सगळं. तिचा विद्यापीठातला विक्रम बरीच वर्षं टिकला. माझं लग्न पुढच्या उन्हाळ्यात आंधळगावला झालं. नवरा गेला, मूल झालं नाही, मी पारीखालच्या घरी परत आले. निर्मी फोन करते. तिच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आहेत, जिना चढवत नाही तिला. मी अजून तलावापर्यंत चालत जाते.

निर्मी शिबिराला गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मला रोजच्या वेळी जाग आली. मी उठले, तोंड धुतलं, कासोटा ओढला, पदर खोचला. मुद्दाम काही ठरवलं नव्हतं. अंगाला सवय होती आणि मला जायचं होतं. ते मला तेव्हाच, दाराची कडी काढताना कळलं, की निर्मी असो नसो, मला जायचं आहे. बाबा अंगणात बैलांना पेंड देत होते.

"कोठी चालली वं बाई?"

"पारीवर."

त्यांनी घमेलं खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. त्यांना खरंच समजलं नव्हतं.

"कायले? निर्मी त गेली."

सांगायला हवं होतं ते एका वाक्याचं होतं, पण त्या घरात ते वाक्य माझ्या तोंडून कोणी कधी ऐकलं नव्हतं आणि मीही नव्हतं. पांढऱ्या पेंडीत तोंड घालून खात होता. वर पारीवर उजाडायला लागलं होतं.

"कोठी नाही," मी म्हटलं, आणि पदर सोडून गोठ्यात शेण काढायला गेले.